तंबोऱ्याचे सुटे भाग: विकत काय मिळतं आणि बसवून काय घ्यावं लागतं

ताई, इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजींचा मिरजेचा तंबोरा बरीच वर्षं गवसणीत पडून होता. आता मुलगी गाणं शिकायला लागली म्हणून तुम्ही तो बाहेर काढलात. जोडीच्या (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एका तारेचा मणी हरवलाय, तार ताणायची एक खुंटी धरत नाही. घोडीवर, म्हणजे खाली तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावर, खाचा पडल्यात म्हणून नवी घोडी मागवून जुनीच्या जागी ठेवलीत, तर आवाज लाकडावर टिचकी मारल्यासारखा येतोय. रायपूरच्या दुकानांत गिटारचं सगळं मिळतं, तंबोऱ्याचं काहीच नाही. तर हे भाग मिळतील कुठे, असं तुम्ही विचारलंत.

मिळतील. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे सगळं मिळतं आणि बरेच जण कुरिअरनेही पाठवतात. पण पत्ता मिळाला म्हणून तुमचं काम होईल असं मला वाटत नाही, आणि नव्या घोडीने ते तुम्हाला दाखवलंच आहे. तंबोऱ्याच्या भागांना ठरलेलं माप नसतं. मिक्सरचं भांडं फुटलं तर कंपनी आणि मॉडेल सांगून दुसरं आणता येतं, कारण ते साच्यातून निघालेलं असतं. तंबोऱ्यात कारागिराने आधी भोक पाडलं आणि मग त्या भोकाला बसेपर्यंत खुंटी घासली. घोडीचे पाय त्या तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, उतारावर घासून बसवले. एकाच तंबोऱ्याची पहिली खुंटी तिसऱ्या भोकात नीट बसेल याची खात्री नसते. म्हणून बाजारात 'घोडी' किंवा 'खुंटी' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा अर्धा कच्चा माल असतो. उरलेलं अर्धं काम वाद्यावर बसून करायचं असतं. तुम्हाला आलेली घोडी सदोष असेलच असं नाही, ती पुरी झालेली नाही.

आधी तंबोरा मिरजेचाच आहे ना, याची खात्री करा. खाली खरा भोपळा असेल तर तो आपल्याकडच्या पद्धतीचा. तळ फणसाच्या लाकडाचा कोरलेला असेल तर तो तंजावरी, आणि त्याच्या घोडीची नि खुंट्यांची घडण वेगळी असते. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झालं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे आणि पाणी देणारे लोक. कानशीवर बसलेला तोच हात पुढे सतारीवर आणि तंबोऱ्यावर चालला. भोपळे आजही बरेचसे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणीचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा मनापासून आनंद झाला, पण त्यामुळे मापं एकसारखी झाली असं समजू नका. कारागिरांच्या प्रत्येक घराण्याची घोडी आजही वेगळी आहे, आणि तशीच राहावी असं मला वाटतं.

आता एकेक भाग घेऊ. सोपा तो आधी.

मणी. हा तुम्ही घरीच बसवू शकता. घोडीच्या मागे, लंगोटाकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडे) जाणाऱ्या तारेत तो ओवलेला असतो आणि स्वर बारकाईने मिळवायला उपयोगी पडतो. घोडीपासून लंगोटाकडे तार उतरत जाते, त्यामुळे मणी मागे सरकवला की तारेला ताण पडतो आणि स्वर किंचित चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. हे काम करणारा कुठलाही मणी चालतो: हाडाचा, काचेचा, चांगल्या प्लास्टिकचा. तीन गोष्टी पाहा. उरलेल्या मण्यांपैकी एक सोबत नेऊन त्याच उंचीचा घ्या. फार लहान असेल तर सरकवूनही स्वर हलत नाही, फार मोठा असेल तर बोट लावताच स्वर उडी मारतो. भोकाच्या कडा गुळगुळीत हव्यात. काचेच्या स्वस्त मण्यांना आत धार असते आणि तार बरोबर तिथेच तुटते. तिसरं, तळाला टोक नको, नाहीतर तबलीवर ओरखडे उठतात. माळा ओवणाऱ्यांच्या दुकानात असे मणी सहज मिळतात. मात्र मणी ओवायला तार खालून सोडवावी लागते, आणि जुनी पोलादी तार एकदा सोडवून परत वळवली की वळणावर तुटण्याची भीती असते. त्यामुळे नवी तार चढवाल तेव्हाच मणी घाला.

तारा. यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतकी वर्षं पडून राहिलेल्या तारा बदलाव्याच लागतील, आणि इथे बहुतेकांची चूक होते. दुकानात '३० नंबर', '२९ नंबर' असं मागायची पद्धत आहे. हे आकडे जुन्या ब्रिटिश तारमापाचे. त्या मापात ३० नंबरची तार ०.३१५ मिमी जाडीची, २८ नंबरची ०.३७६ मिमी. विजेच्या तारांसाठी चालतं त्या अमेरिकन मापात मात्र ३० नंबर म्हणजे ०.२५५ मिमी. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते, पण आकडे जुळत नाहीत. ऑनलाइन मागवताना नंबरऐवजी मिलिमीटर विचारा आणि जुनी तार मायक्रोमीटरने मोजून घ्या. गिरणीतल्या किंवा लेथच्या कारखान्यातल्या कुणाकडेही मायक्रोमीटर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. गंजलेली जागा सोडून मोजा.

कुठली तार घ्यायची हे मुलगी कोणत्या पट्टीत गाते त्यावर ठरतं. आजी काळी चार किंवा पाचमध्ये (पेटीच्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असतील आणि मुलगीही तिथेच गाणार असेल, तर जुन्या तारांच्याच जाडीच्या नव्या लावा. पंचम (पहिली तार) आणि जोड पोलादाची, खर्ज (शेवटची, सगळ्यात खालच्या स्वराची) पितळेची, असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे, पण पंचमाला पितळ लावणारेही आहेत. तुमच्या वाद्यावर आहे ते तसंच ठेवा. उद्या मुलगी खालच्या पट्टीत गायला लागली तर तार थोडी जाड लागेल, तो विचार तेव्हा करू. 'रोस्लाऊ' हे नाव दुकानात ऐकाल. ही जर्मनीतली पोलादी तार आहे, चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. गिटारची सुटी पोलादी तार जाडीला जवळपास जुळते, बारा नंबरची गिटारची तार (इथे नंबर इंचाच्या हजाराव्या भागात असतो) साधारण ०.३०५ मिमी असते. पण ती लांबीला अपुरी पडते. घोडीच्या मागचा भाग, वरचा भाग आणि खुंटीवरची वेटोळी धरली तर तंबोऱ्याला बरीच जास्त तार लागते. म्हणून गुंडीवरचीच (रिळावरची) तार घ्या.

खुंटी. बदलण्याआधी ती खरंच बदलायला हवी का ते पाहा. माझ्याकडे 'खुंटी गेली' म्हणून येणाऱ्या तंबोऱ्यांपैकी अनेकांची खुंटी गेलेली नसते. फक्त तीच तार सैल करून खुंटी बाहेर काढा आणि उजेडात धरा. लाकडाला टेकते तिथे खुंटी चकाकते. ही चकाकी सगळीकडून सारखी असेल तर खुंटी बसते आहे, फक्त गुळगुळीत झाली आहे. घडाघडा फिरावी म्हणून पूर्वी कुणीतरी खोबरेल लावलेलंही असू शकतं. स्पिरिटच्या फडक्याने पुसा, शाळेतल्या खडूची पूड लावा, दोनचार वेळा दाबून फिरवा. तार गुंडाळताना वेटोळी लाकडाकडे सरकत जातील अशी घाला, म्हणजे तारेचा ताणच खुंटीला आत ओढतो. निम्म्या वेळा काम इथेच होतं.

चकाकी एकाच टोकाला दिसली तर खुंटीचा निमुळतेपणा आणि भोकाचा निमुळतेपणा जुळत नाहीत. मग घासकाम करावं लागतं, किंवा नवी जाडसर खुंटी घेऊन भोकाप्रमाणे उतरवावी लागते. व्हायोलिनवाल्यांची यात सोय आहे. त्यांच्या खुंटीचा उतार १:३० असा ठरलेला आहे आणि त्याच उताराची भोक साफ करायची हत्यारं मिळतात. तंबोऱ्याला तसं काही नाही, म्हणून 'तंबोऱ्याची खुंटी, मोठा साइज' अशी जाहिरात पाहून मागवू नका. भोकच वाकडं झालं असेल तर ते लाकडाने बुजवून नव्याने पाडावं लागतं. ते काम कारागिराचं.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. खुंटी हातोडीने ठोकू नका. दांडीच्या वरच्या भागाला रेषेतून चीर गेली की त्याला चांगला उपाय नाही, आणि अशी चिरलेली डोकी मी दरवर्षी पाहतो. आणि ऋतू पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंटी अडकते. रायपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, खुंटी सुटते. मे महिन्यात सुटणारी खुंटी ऑगस्टमध्ये आपोआप धरू शकते. तुमचा तंबोरा आता कोणत्या ऋतूतून जातोय त्याप्रमाणे थोडं थांबूनही पाहता येईल.

वर, खुंट्यांच्या आधी, हाडाच्या दोन छोट्या पट्ट्या असतात: तारा ज्यावर टेकतात तो मेरू आणि तारा ज्याच्या भोकांतून जातात ते तारगहन. यातलं काही तुटलं असेल तर गिटारच्या दुकानात हाडाची कोरी पट्टी मिळते. गिटारच्या वरच्या पट्टीसाठी ती विकतात, पण मापात कापली तर आपल्या कामाला उत्तम. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन्ही शाबूत दिसतात, त्यामुळे हात लावू नका.

आता घोडी. तुमची खरी अडचण इथे आहे.

तंबोऱ्याची घोडी गिटारसारखी टोकदार नसते. तिचा माथा रुंद आणि हलकासा बाकदार असतो. तार त्या बाकावर जवळजवळ आडवी होऊन निघते आणि कंप पावताना पृष्ठभागाला सतत टेकत-सुटत राहते. त्यातून वरचे स्वयंभू स्वर (मूळ स्वरासोबत तारेतून आपोआप उमटणारे) पुन्हा पुन्हा जागे होतात आणि आवाजाला झणकार येतो. यालाच आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांचा कंप शून्य असतो, ते स्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे उमटायला नकोत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि त्याचं कारण त्यांनी घोडीच्या या घडणीत दाखवलं. म्हणजे तंबोऱ्याचा निम्मा आवाज त्या बोटभर माथ्यावर आहे. बाक केसाएवढा चुकला तरी आवाज मरतो.

तुमच्या नव्या घोडीत दोन वेगवेगळे दोष असू शकतात, ते वेगळे करून पाहा. पातळ कागदाची पट्टी घोडीच्या पायाखाली सरकवा. कुठूनही आत शिरली तर पाय तबलीवर पुरता बसलेला नाही आणि कंप खाली पोचतच नाही. तबली सपाट दिसते, पण तिला किंचित फुगवटा असतो. तो पाय बसवायला तबलीवर पॉलिश पेपर पालथा न ठेवता, खरखरीत बाजू वर करून चिकटवतात आणि घोडी त्यावर मागेपुढे घासतात, म्हणजे तबलीचाच आकार पायाला येतो. दुसरी परीक्षा सुताची. जवारीचं सूत, म्हणजे झणकार मिळवायला घोडीवर तारेखाली घालतात तो दोरा, तारेखाली घालून मागून पुढे अगदी हळू सरकवा आणि तार छेडत राहा. एका ठिकाणी आवाज एकदम उघडायला हवा. कुठेच उघडला नाही तर माथ्याचा बाक चुकला आहे, किंवा जवारी काढलेलीच नाही. बाजारातल्या तयार घोड्यांची जवारी बहुधा काढलेली नसते, आणि काढली असली तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी तंबोऱ्यावर.

जवारी एका वाद्यावरून दुसऱ्यावर नेता येत नाही, हे मी माझ्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात नागपूरहून एका बाईंनी घोडी मागितली. जुनी हरवली होती. फोनवर मापं घेतली: उंची, रुंदी, तारांमधलं अंतर. सगळं मिलिमीटरला मिलिमीटर बसवलं, माझ्याकडच्या तंबोऱ्यावर जवारी काढली, सुंदर बोलत होती. तिकडे पोचल्यावर मुकी. त्यांच्या तंबोऱ्याची दांडी वर्षानुवर्षांच्या ताणाने थोडी पुढे झुकली होती, त्यामुळे घोडीवर तार उतरण्याचा कोन वेगळा होता, आणि मी त्याबद्दल विचारलंच नव्हतं. मी पैसे परत केले. पुढच्या खेपेला त्या तंबोराच घेऊन आल्या, तेव्हा दुपारभर बसून ते काम पुरं झालं. तेव्हापासून मी जुनी घोडी तरी मागतो, नाहीतर वाद्य.

म्हणून तुमच्या जुन्या घोडीबद्दल बोलायचं आहे. खाचा पडल्या म्हणजे घोडी संपली असं नाही. खाच मिलिमीटरच्या आतली असेल तर माथा कानशीने खाली घेऊन नव्याने जवारी काढता येते, आणि चांगल्या जाड माथ्याची घोडी असं तीनचार वेळा सोसते. माथाच झिजून पातळ झाला असेल तर फक्त वरची पट्टी नवी चिकटवायची, खालचे पाय जुनेच ठेवायचे. त्या पायांनी तुमच्या तबलीचा उतार कधीच धरलेला आहे, नव्या घोडीला तोच मिळवायला निम्मा वेळ जातो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायचे. एवढ्या मोठ्या गवयालाही हे काम स्वतः करावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही. आपल्याला हवी तशी जवारी दुसऱ्याला शब्दांत सांगणं फार कठीण आहे.

माथ्याची पट्टी कशाची घ्यावी? मला आबनुसाचा आवाज आवडतो, थोडा मऊ येतो. हाडाचा उजळ येतो आणि लवकर झिजत नाही. कृत्रिम मालाची पट्टीही वाईट नाही, विशेषतः रोजच्या रियाजाच्या वाद्याला, कारण ती सगळीकडून सारखी घासली जाते. सांबरशिंगाची नवी घोडी कुणी देऊ केली तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार बंद आहे. हस्तिदंताचं तेच. परदेशात राहणाऱ्या कुणाला हे उपयोगी पडणार असेल तर एक भर घालतो. शिसवी लाकडावर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, पण २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना त्यातून सूट आहे. म्हणजे शिसवी खुंटी पाठवता येते, शिंगाची घोडी नाही.

कामाचा क्रम उलटा करू नका. आधी तारा आणि मणी, मग खुंट्या धरतात का ते, आणि जवारी सगळ्यात शेवटी. जवारी त्या जाडीच्या तारेवर आणि गाण्याच्या त्या पट्टीत काढलेली असते. ती काढल्यावर तार बदललीत तर काम पुन्हा करावं लागेल.

घोडी हलवण्याआधी तिच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर कागदी चिकटपट्टीने खूण करा. सगळ्या तारा एकदम सोडू नका, एकेक सैल करा. मग जुनी घोडी कापसात गुंडाळून छोट्या डब्यात घाला. सोबत चारही जुन्या तारांचा बोटभर तुकडा, प्रत्येकावर चिठ्ठी: पंचम, जोड, जोड, खर्ज. मेरूपासून घोडीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये. दांडीच्या बाजूने, डोळा दांडीच्या रेषेत ठेवून काढलेला एक फोटो, म्हणजे ती झुकली आहे का ते दिसेल. आणि मुलीची गाण्याची पट्टी. एवढं कुठल्याही जाणत्या कारागिराला पाठवलंत तर तो निम्म्याहून अधिक काम वाद्य न पाहता करू शकेल. शेवटचा हात मात्र तंबोऱ्यावरच फिरवावा लागतो. मिरजेचे काही कारागीर हत्यारं घेऊन मोठ्या गावी फिरतात. त्यांच्यापैकी कुणी रायपूर-नागपूरकडे येणार आहे का ते तिथल्या गाण्याच्या शिक्षकांना विचारा. भोपळ्याचं वाद्य प्रवासाला काढण्यापेक्षा ते बरं.

नवी मागवलेली घोडी परत पाठवू नका. तिचा माथा हाडाचा असेल तर तोच कापून जुन्या पायांवर चढवता येईल, नवा माल घ्यायची गरज पडणार नाही. जुनी घोडी घरात आहे ना, तेवढं आधी कळवा. आणि तिच्या खाचा किती खोल आहेत ते नखाने चाचपून सांगा.